भास्करच्या पत्राहून भारदस्त

हसायचं असन तं आत्ताच हसून घ्या, बावा. मधातच कोणी फिदीफिदी केलं तं मी उठून चालला जाईन, अन् पुढची गोठ तुम्हाले दुसरं कोणी सांगणार नाही. कारण हा घोळ झाला तवा जे जे तथी हजर होते, ते अजून माह्याशी धड बोलत नाहीत.

असा घोळ शिकल्या-सवरल्या माणसाच्या हातून होऊच शकत नाही. त्याले माह्यासारखा माणूस लागते. शाळेले लहानपणीच रामराम ठोकलेला, कोणाचं न ऐकणारा, अन् समोरच्याचं चांगलं झालं का पोटात कळ येणारा.

हो, येते कळ. कायले लपवू? तुमच्या बी येते. तुम्ही तिले ॲसिडिटी म्हणता, एवढाच फरक.

माही कळ माह्या दुकानासमोरच राहते. तिचं नाव भास्कर.

मोताळ्यात माहं सरकी ढेपीचं दुकान आहे. म्हशी-बैलायचा खुराक. रस्त्याच्या या बाजूले मी अन् त्या बाजूले भास्कर. तो बी ढेपच विकते. खामगावच्या एकाच मिलमधून दोघायची ढेप येते, कधीकधी एकाच गाडीतून येते, पण त्याच्या दुकानात उतरली का लोक म्हणतात, "भास्करभाऊची ढेप ताजी असते." आता सांगा! गाडी तीच, सरकी तीच, ताजी कशानं झाली? त्यानं फुंकर मारली का तिच्यावर?

पाटी लावली तं त्याची पाटी दुरून दिसते. मी लावली तं तिच्यासमोर नगरपंचायतीचा खांब उभा राह्यला. त्याच्या पोरीचं लग्न झालं तवा पाऊस नाही आला. माह्या पोराच्या लग्नात पंगतीत लोकायनं ताटं डोक्यावर धरली. असं आमचं सगळं.

तर झालं काय, एक पशुखाद्याची कंपनी आमच्या तालुक्यात आली. मोठी कंपनी. तिचा साहेब आला, चहा पेला, अन् म्हणला, "तालुक्यात एकालाच एजन्सी देणार. बाकीच्यांनी त्याच्याकडून माल घ्यायचा."

कळलं ना डाव? भास्करले एजन्सी भेटली असती तं मले रस्ता ओलांडून, त्याच्या दुकानात जाऊन, त्याले म्हणा लागलं असतं, "भास्करराव, माल द्या हो." मी म्हणलं, त्यापेक्षा मी तोच माल खाऊन मरून जाईन.

साहेबानं दोघायले सांगतलं, तुमच्या धंद्याची माहिती लिहून पाठवा. मी पाठवली. कोऱ्या कागदावर, पेनानं, माह्या स्वतःच्या हातानं. पेन मधातच बंद पडला तं पुढचं शिसपेन्सिलीनं लिहिलं. सगळं खरं लिहिलं. मले वाटलं, कंपनीले खरं पाहिजे.

पुढच्या खेपेले साहेब आला, हॉटेलात बसला, अन् सगळ्यायच्या देखत म्हणला, "भास्करराव, पत्र असावं तर असं! एका नजरेत वाचून झालं. काय टाइप निवडलाय! कंपनीत मी चार जणांना दाखवलं."

भास्करनं मान खाली घातली. लाजला! मिशा पिकलेला माणूस नव्या नवरीसारखा लाजला हो!

मी म्हणलं, "साहेब, अन् माहं पत्र?"

साहेब म्हणला, "तुमचं होय काका? ते... ते आम्ही अजून वाचतोय."

हॉटेलवाला तोंड फिरवून हसला. मी पाह्यलं.

साहेब मनानं चांगला होता, खोटं कायले बोलू. म्हणला, "काका, असं करा. पुढच्या रविवारी मी येतो. तुमची गावोगावची गिऱ्हाइकं बोलवा. ती माझ्यासमोर म्हणाली, आम्ही काकांकडूनच माल घेऊ, तर एजन्सी तुम्हाला. मग पत्राबित्राचं सोडून देऊ."

भास्कर हसला फक्त. "बोलवा, बोलवा सुखदेवराव. चांगलं पत्र छापून बोलवा." अन् दुसऱ्या दिवशी दुकानाले कुलूप लावून पोरीकडे डोणगावले निंघून गेला. एवढा भरोसा त्याले, का हा बुढा काही करू शकत नाही!

मंग? मी बसतो का?

भास्करच्या पत्राची एक कॉपी साहेब हॉटेलातच विसरून गेला होता, ती मी हॉटेलवाल्याकडून पाह्याले आणली. उलटून-पालटून पाह्यली. काय होतं त्यात? काहीच नाही! साधं अक्षर, सरळ ओळी, आजूबाजूले पांढरी जागा सोडलेली. जसं काई कागद फुकट भेटते. मी म्हणलं, याच्यावर साहेब भाळला? मंग आपलं पत्र असं पाहिजे का हातात घेताच माणसाची छाती दडपली पाहिजे.

गेलो सुनंदाकडे. सुनंदाचं तहसीलजवळ छपाईचं दुकान आहे. कॉम्प्युटर, झेरॉक्स, लग्नाच्या पत्रिका, फ्लेक्स, सगळं तीच पाह्यते. तोंडाची फटाकडी बाई. अन् लग्नसराई, त्यामुळं दुकानात पाय ठेवाले जागा नाही.

"बोला काका. कोणता फॉन्ट पाहिजे?"

"फॉन्ट कायले? मले पत्र पाहिजे."

"फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण हो काका. बसा इथी. हे पाहा." तिनं पडद्यावर माहं नाव टाकलं अन् एक बटन दाबलं का नाव कपडे बदलल्यासारखं बदलून राह्यलं.

पह्यलं आलं ते बारीक, काटकुळं.

"हे उपाशी आहे," मी म्हणलं. "लोक म्हणतील, सुखदेवरावाची ढेप खाऊन हे असं झालं."

दुसरं तिरपं. "हे?"

"हे पेऊन आलं. नाही पाहिजे."

तिसरं गोल गोल, वेलांट्या अशा लांब का दुसऱ्या ओळीत घुसून राह्यल्या. "हे लग्नपत्रिकेचं आहे, काका."

"माहं झालं एकदा लग्न. तेवढं पुरलं. पुढं चाल."

चवथं आलं ते अगदी भास्करसारखं. सुनंदा म्हणली, "काका, मी सांगू का? धंद्याच्या पत्राले हेच घ्या. ना जाड, ना बारीक. ओळीच्या मधात अशी मोकळी जागा सोडायची..."

"मोकळी जागा कायले? मी काय प्लॉट विकून राह्यलो?"

"वाचाले बरं पडते हो!"

"भास्करनं बी तुह्याचकडून छापलं ना?"

"हो ना. त्यायनं मी म्हणलं ते ऐकलं."

हे ती काऊन बोलली? सांगा तुम्ही! ते एक वाक्य ती बोलली नसती, तं मी कदाचित ते चवथं घेतलंही असतं. पण भास्करनं ज्याले हो म्हणलं त्याले मी हो म्हणू? माह्या मस्तकात गेलं.

तेवढ्यात तिनं दुसऱ्या कोणाचं काम उघडलं, त्याची घाई होती म्हणून. अन् पडद्यावर ते अक्षर दिसलं.

काय अक्षर होतं राजेहो! काळंकुट्ट, जाडजूड, पाय रोवून उभं. एकेक अक्षर जसं काई भरलेलं पोतं. अन् चहूबाजूले दुहेरी काळी चौकट. मी खुर्चीवरून उठलोच.

"हे! हे पाह्य! याले म्हणतात अक्षर!"

सुनंदा दचकली. "काका, ते वेगळ्या कामाचं आहे. ते..."

"वेगळंच पाहिजे मले."

"अहो पण काका, ते लोक कधी वापरतात तं..."

"सुनंदा, तू मले धंदा शिकवून राह्यली का? तू जन्मली नव्हती तवापासून मी ढेप विकून राह्यलो."

मांगून एक नवरदेवाचा बाप ओरडून राह्यला होता, "ओ बाई, माह्या पत्रिका द्या ना, हळद निंघून जाईन!" सुनंदानं माह्याकडे पाह्यलं, त्याच्याकडे पाह्यलं, अन् कपाळाले हात लावला. "बरं बावा. चौकट बी ठेवू?"

"चौकट ठेव. अन् माहा फोटो टाक."

"फोटो कायले?"

"भास्करच्या पत्रात फोटो नाही ना? म्हणून. वरते, मधोमध. काळा-पांढरा कर. वजन दिसते."

ती मान खाली घालून टाइप करून राह्यली फक्त. मी सांगत गेलो: नाव सगळ्यात मोठं. त्याच्या खाली 'रविवार, सकाळी दहा वाजता, राहत्या दुकानासमोर' हे मोठं. मंग बाकीचं, का कंपनीचे साहेब येणार आहेत, एजन्सीची गोठ आहे, सगळ्यायनं हजर राहून आपलं मत सांगावं, चहा-पोह्याची सोय आहे. हे सगळं त्याच जाड अक्षरात, एकाच पानावर. जागा पुरेना, तं तिनं ते लहान केलं. लहान केल्यावर ते जाड अक्षर एकमेकाच्या अंगावर चढलं, अन् खालचा अर्धा कागद मुंग्यायच्या वारुळासारखा दिसाले लागला.

"काका, एकदा वाचून घ्या. मंग मले म्हणू नका."

"काय वाचू? मीच सांगतलं ना!"

खरं सांगू? मले वाचाले येळ लागते. मांगं गर्दी होती. चार लोकायसमोर बोट ठेवून वाचत बसू का? फोटो पाह्यला, नाव पाह्यलं, छाती दडपली. म्हणलं, छाप.

घरी आणलं. आमच्या कमलबाईले दाखवलं. तिले वाचता येत नाही, पण तिचं मत सगळ्यावर असते. तिनं कागद दुरूनच पाह्यला, हातात घेतला नाही.

"असं काऊन दिसून राह्यलं हो हे?"

"भारदस्त दिसून राह्यलं."

"माह्या मामाच्या येळेस असंच काहीसं आलं होतं घरी."

"तुह्या मामाचं कुठं दुकान होतं?"

"दुकान नव्हतं, म्हणून तं म्हणून राह्यली." मंग म्हणते, "बरं, कोपऱ्यायले जरा हळदकुंकू तरी लावता का? शुभ असते."

"धंद्याच्या पत्राले हळदकुंकू? साहेब काय म्हणन?"

नाही लावलं. पाकिटात घातले, पाकिटं चिकटवली, अन् शनिवारी सकाळी दुधाच्या गाडीवाल्याजवळ दिले. तो गावोगाव दूध गोळा करते, ज्याच्या घरी म्हैस त्याच्या घरी त्याचा हात पोचते. माहे सगळे गिऱ्हाईक त्याले पाठ. म्हणलं, भास्कर पोरीकडे बसून शेवया खाऊन राह्यला असन. इकडे त्याचा बाजार उठला!

आता पुढचं तथी काय झालं, हे मले मागून कळलं. माहा एक जुना गिऱ्हाईक आहे, तुळशीराम. त्याच्यापासी ऐकलं, अन् तो ते सांगताना मले खाऊ का गिळू करत होता.

तुम्ही आमच्याकडच्या खेड्यातले असान तं तुम्हाले माहीत आहे. वाईट खबरीचं पत्र आलं तं ते घरात नेत नाहीत. उंबऱ्यातच वाचायचं, तथीच फाडायचं, अन् हातपाय धुऊन मंग आत यायचं. सगळं वाचायची गरज बी नसते. चौकट पाह्यली, जाड अक्षर पाह्यलं, फोटो पाह्यला, कोण अन् कधी एवढं कळलं का झालं. फाड.

तुळशीरामनं उंबऱ्यात पाकीट फोडलं. दुहेरी काळी चौकट. मधात माहा काळा-पांढरा फोटो. त्याच्याखाली काळंकुट्ट 'सुखदेवराव'. त्याच्याखाली, रविवार, दहा वाजता, राहत्या दुकानासमोर.

"अवं, ढेपवाला सुखदेव गेला वं!" त्यानं आत आवाज दिला.

"काही सांगता! बुधवारी तं तुम्ही त्याच्यासंग भांडून आले."

"मंग? बुधवारनंतरच गेला असन. भांडताना बी मले त्याचा चेहरा उतरलेला दिसला."

फाडलं. खालचं मुंग्यायचं वारूळ, ज्यात साहेब होता, एजन्सी होती, चहा-पोहे होते, ते त्यानं पाह्यलंच नाही. अन् हे एका तुळशीरामचं नाही. गावोगाव उंबऱ्याउंबऱ्यात माहे पत्र टराटरा फाटले. एका शिकलेल्या पोरीनं फाडायच्या आधी वरच्या अर्ध्या पत्राचा मोबाइलवर फोटो काढला अन् तो इकडेतिकडे पाठवला. मंग काय! हात जोडलेले, पणत्या लावलेल्या, सगळी चित्रं माह्या फोटोखाली येऊन बसली.

तुम्ही म्हणसान, कोणी तुम्हाले फोन नाही लावला? अहो, मेलेल्या माणसाले कोण फोन लावते?

रविवार उजाडला. मी पहाटेच दुकानासमोर मांडव टाकला. शटर खाली, पुढं सतरंज्या, साहेबासाठी एक खुर्ची, एक माइक, टेबलावर साहेबासाठी मोठा झेंडूचा हार. अन् टेबलामांगं माहा एक मोठा फोटो ठेवला, फ्रेमवाला. भास्करनं कधी ठेवला नव्हता, म्हणून. कमलबाई घरी पोहे करून राह्यली होती. रविवारचे आजूबाजूचे दुकानं बंद. मी साहेबाले घ्याले इस्टांडवर गेलो.

साहेबाची गाडी लेट. लय लेट. मी आपला इस्टांडवर येरझारा मारून राह्यलो, अन् मले वाटून राह्यलं, गिऱ्हाईक आले असतील अन् कटाळून चालले बी गेले असतील.

शेवटी साहेब उतरला. आम्ही दोघं पायी निंघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो अन् माहे पायच थांबले.

माणूस! मोताळ्यात बाजाराच्या दिवशी बी एवढा माणूस नसते. सतरंज्या भरल्या, रस्ता भरला, लिंबाच्या झाडाखाली बी माणूस. अन् सगळे पांढऱ्या कपड्यात, टोप्या घालून. एकदम गुपचूप. पोट्टं बी रडत नव्हतं.

माही छाती एवढी फुगली! "पाहा साहेब! हे माहे गिऱ्हाईक! कसे शिस्तीत बसले पाहा!"

साहेब बी चकित झाला. "काका, मानलं तुम्हाला. पण सगळे इतके गंभीर का आहेत?"

"एजन्सीची गोठ आहे ना साहेब. गंमत आहे का?"

पुढं पाह्यलं, तं साहेबाचा हार माह्या फोटोले घातलेला. म्हणलं, वा! लोकायचं प्रेम पाहा! मंग माइककडे पाह्यलं.

माइकसमोर भास्कर!

माह्या पोटात अशी कळ आली का मी साहेबाचा खांदा धरला. मांडव माहा, माइक माहा, माणसं माही, अन् भाषण याचं? पोरीकडून सकाळीच सरळ येऊन उभा राह्यला होता. मी ओरडणारच होतो. तोंड उघडलं बी होतं. तेवढ्यात तो बोलला.

"सुखदेवराव आपल्यात राह्यले नाही."

त्यानं रुमाल काढला. समोरच्या बायायनं पदर तोंडाले लावले.

आता कळलं मले. चौकट, कमलबाईचा मामा, सुनंदाचं 'ते वेगळ्या कामाचं आहे', सगळं एकदम डोकशात आलं. साहेब माह्या तोंडाकडे पाहून राह्यला.

"काका! हे काय चाललंय? तुम्ही तर..."

मी म्हणणारच होतो, का थांबवा हो हे, मी जिता आहे. पण भास्कर पुढं बोलला, "सुखदेवराव माणूस तिरसट होता. भांडखोर होता. पण आज त्याच्या फोटोसमोर खोटं बोलत नाही. ढेप त्याची माह्याहून चांगली होती."

मी तोंड मिटलं.

"काका, अहो सांगा ना त्यांना!" साहेब कानात कुजबुजला.

"थांबा हो साहेब. जरा ऐकू द्या."

"पण तुम्ही जिवंत आहात!"

"ते कुठं पळून चाललं? मागून सांगता येते. चांगलं बोलून राह्यला तो, बोलू द्या ना!"

अन् आम्ही दोघं लिंबाच्या झाडामांगं उभे राह्यलो. साहेबाले मीच ओढलं.

भास्कर बोलत गेला. "लोक म्हणत, भास्करची ढेप ताजी. गाडी तं एकच होती हो! मले माहीत होतं, पण मी कधी बोललो नाही." मी मान हालवून राह्यलो. "मापात त्यानं कधी कोणाले फसवलं नाही." मी जरा कमी मान हालवली. "अन् हे त्याचं पत्र पाहा." त्यानं खिशातून मोबाइल काढून वर धरला. "मले माह्या पत्राचा लय गर्व होता. पण हे अक्षर पाह्यलं अन् माहा गर्व उतरला. असं भारदस्त पत्र मी आजपर्यंत पाह्यलं नाही. हातात घेतलं का छाती दडपते!"

छाती दडपते! हेच बोलला तो! अगदी हेच शब्द!

राजेहो, मले काय झालं ते कसं सांगू? उभ्या जन्मात हा माणूस माह्याबद्दल चांगलं बोलला नव्हता. अन् आज माह्या पत्राची तारीफ, त्याच्या पत्राहून जास्त, माइकवर, साहेबाच्या कानी! डोळ्यातून टपटप पाणी आलं. कान गरम झाले. पुढचं काही नीट ऐकू येईना, नुसतं 'सुखदेवराव, सुखदेवराव' एवढंच ऐकू येऊन राह्यलं. गोड लागून राह्यलं.

तो म्हणत होता, "सुखदेवरावाच्या म्हशी त्या माह्या म्हशी. त्याच्या गिऱ्हाइकायले मी वाऱ्यावर सोडणार नाही. सुखदेवरावाच्या नावासाठी, उद्यापासून तुम्ही सगळ्यायनं माह्या दुकानातून माल घ्या. मान्य आहे त्यायनं हात वर करा."

हात वर झाले. सगळे. सतरंज्यांवरचे, रस्त्यावरचे, झाडाखालचे. तुळशीरामनं तं दोन्ही हात वर केले.

तुळशीराम आमच्या पुढंच बसला होता. आपल्यामांगं कोणाकोणाचे हात वर आहेत हे पाह्याले त्यानं मान वळवली. अन् मले पाह्यलं.

पह्यलं तो हसला, ओळखीचा माणूस पाहून हसतो तसा. मंग त्याचं हसू तथंच वाळलं.

"भू... भू... सुखदेव!"

पुढचं काय सांगता! सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, त्या बायायच्या पायात. खुर्ची मोडली. एक बुढी "माह्यावर तं काही राग नाही ना रे बावा तुहा" म्हणून माह्या पाया पडाले लागली. एक जण लिंबावर चढला, तो अजून उतरला का नाही, माहीत नाही. मी ओरडून राह्यलो, "अबे मी जिता आहे! जिता आहे बे!" तं लोक अजूनच पळून राह्यले.

भास्कर मात्र पळाला नाही. माइक त्याच्या हातातच होता. त्यानं माह्याकडे डोळे फाडून पाह्यलं, अन् सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असा पह्यला शब्द काय बोलला?

"ढेपीचं वापस घेतो! ढेपीचं मी वापस घेतो!"

हळूहळू लोक थांबले. मले चिमटे काढून पाह्यले. जिता आहे हे पटलं, तं खुश व्हावं का नाही? नाही! चिडले! तुळशीराम म्हणला, "सुखदेव, मी थंड पाण्यानं आंघोळ केली ना बे तुह्यासाठी! काल सांजच्याले घरात चूल नाही पेटली!" दुसरा म्हणला, "वावरात फवारणी सोडून आलो." बायका म्हणल्या, "एवढं रडलो आम्ही!" तोच राग. जसं काई मी मेलो नाही हे माहंच चुकलं. तेवढ्यात कमलबाई पोह्याचं पातेलं घेऊन आली, अन् माह्या फोटोवरचा हार पाहून तिनं ते पातेलंच सोडलं.

मी साहेबाकडे धावलो. साहेब लिंबाखालीच उभा होता, डायरीत काहीतरी लिहून राह्यला होता.

"साहेब," मी हात जोडले, "अक्षराचा घोळ झाला हो. पण माणसं तं पाह्यले ना? माह्या नावावर आले हे सगळे! एवढे भास्करच्या पोरीच्या लग्नातही नव्हते!"

"पाहिलं ना काका. खरंच, एवढी माणसं मी कुठंच पाहिली नाहीत."

"मंग एजन्सी?"

"एजन्सी भास्कररावांना."

"साहेब! असं कसं?"

"मी म्हणालो होतो ना, गिऱ्हाइकं माझ्यासमोर ज्याचं नाव घेतील त्याला. सगळ्यांनी हात वर केले. भास्कररावांकडून माल घेऊ म्हणून."

"अहो, ते मी मेलो असं समजून!"

साहेबानं डायरी मिटली. माह्या खांद्यावर हात ठेवला. हसू दाबून राह्यला होता, पण मिशीत दिसत होतं.

"बाकीच्यांचं मी समजू शकतो, काका. त्यांना वाटलं तुम्ही गेलात. पण तुम्ही जिवंत आहात हे तुम्हाला तर ठाऊक होतं ना? मग सगळ्यात आधी तुमचा हात कसा वर झाला?"

मी वर पाह्यलं. खाली पाह्यलं. भास्कर ऐकत उभा होता. खोटं काही सुचेना, तं तोंडातून खरं निंघून गेलं.

"साहेब, तो माह्या पत्राची तारीफ करून राह्यला होता ना हो."